सशाची साक्ष

सशाच्या पाठीवर झाडाचे पान पडले आणि तो ‘आभाळ पडले, आभाळ पडले’ असे ओरडत धावत सुटला, ही गोष्ट आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही पाठ असते. त्याच्यामागे कोल्हा धावला, हरीण धावले, शेवटी हत्तीही धावला. या गोष्टीचे तात्पर्य आम्ही मास्तरलोक मुलांना सांगतो ते भित्रेपणाविषयी. परंतु नीट पाहिले तर ही साक्षीपुराव्याची गोष्ट आहे. पाठीला काहीतरी लागले, हे सशाने खरेच सांगितले. काय लागले, ते मात्र खोटे सांगितले. आणि मागून धावणाऱ्यांपैकी एकालाही थांबून विचारावेसे वाटले नाही, की बाबा रे, काय पडले ते जरा दाखव तरी!

गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने सशाला खरोखरच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ काढली जाते. तिचा केसाहूनही पातळ काप काचेवर चिकटवतात. त्या कापातल्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन प्रमाणाबाहेर माजले आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. चांगल्यातल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही ते तसे दिसत नाही. ते सांगतो सशाच्या रक्तातून काढलेला एक पदार्थ. त्याने ‘आहे’ म्हटले तर एक उपचार, ‘नाही’ म्हटले तर दुसरा. ऐन दिवाळीत रोगाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही कथा रोगाची कमी आणि माणसाच्या चिकाटीची अधिक आहे. आणि घरोघरच्या आयाबहिणींशी तिचा संबंध आहे. म्हणून फराळाच्या ताटाशेजारी बसूनही ती वाचायला हरकत नाही.

*

कथेचा आरंभ 1890 साली बर्लिन शहरात होतो. रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेहरिंग हा जर्मन डॉक्टर आणि शिबासाबुरो कितासातो हा जपानी संशोधक शेजारीशेजारी काम करीत होते. धनुर्वाताच्या जंतूचे शुद्ध बियाणे कितासातोने आदल्याच वर्षी वाढवून दाखवले होते. त्यांनी सशांना थोडे थोडे करून धनुर्वाताचे विष पचवायला शिकवले. मग अशा तयार सशाचे रक्तजल उंदरांना टोचले आणि त्यांच्यावर धनुर्वात सोडला. साधे उंदीर मेले. सशाचे रक्तजल टोचलेले उंदीर वाचले. सशाच्या रक्तात असे काहीतरी तयार झाले होते, की जे त्या एका विषाला ओळखत होते आणि त्याला जायबंदी करीत होते. घटसर्पाचे विष मात्र त्याला ओळखता येत नव्हते; त्यासाठी घटसर्पाचे विष पचवलेला प्राणीच लागे.

त्या ‘काहीतरी’ला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. पुढे सशाच्या जागी घोडा आला, कारण घोड्याचे रक्त भरपूर. त्या रक्तजलाने युरोपातली हजारो मुले घटसर्पाच्या दाढेतून बाहेर आली. वैद्यकाचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक 1901 साली बेहरिंगला मिळाले ते याच कामाबद्दल. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. तेथे सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तातून काढली जाई, ती याच विद्येची धाकटी पाती. शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांवर या विद्येचे उपकार आहेत ते असे.

बर्लिनच्याच पॉल एर्लिख नावाच्या पंडिताला मात्र प्रश्न पडला, की हे ओळखणे घडते तरी कसे? 1897 साली त्याने एक कल्पना मांडली. पेशीच्या अंगावर, म्हणे, निरनिराळ्या आकारांचे हात बाहेर आलेले असतात. ज्याचा आकार जुळेल तेच द्रव्य त्या हाताला चिकटते. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसे. या हातांना पुढे त्याने ‘रिसेप्टर’, म्हणजे झेलणारा, असे नाव दिले. त्या काळी पुष्कळांना ही कल्पना म्हणजे चित्रकाराचा खेळ वाटली. तपशिलात एर्लिख चुकला असेल. पण पेशीच्या अंगावर झेलणारे हात असतात, हे त्याचे म्हणणे काळाने खरे ठरवले. 1908 साली त्यालाही नोबेल मिळाले.

येथवर कथेला दोन पात्रे मिळाली: ओळखणारे प्रतिपिंड आणि झेलणारा रिसेप्टर. या दोघांची खरी गाठ पडायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

*

मधल्या काळात कथा इटलीत जाते. तूरिन शहरात रीता लेव्ही-मोंताल्चिनी नावाची तरुण डॉक्टर होती. ती ज्यू होती. 1938 साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि तिला विद्यापीठाची दारे बंद झाली. दुसरी एखादी बाई हताश झाली असती. हिने राहत्या घरी, आपल्या निजायच्या खोलीत, प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारे केली. प्रयोगाला कोंबडीची अंडी लागत. युद्धाच्या दिवसांत ती शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून मिळवली. अंड्यातल्या गर्भाचे ज्ञानतंतू वाढतात कसे आणि मरतात कसे, हे ती त्या खोलीत बघत बसे. बाहेर बाँब पडत होते.

युद्ध संपल्यावर 1947 साली ती अमेरिकेत सेंट लुई येथे गेली. तेथे तिला दिसले, की उंदराच्या एका जातीच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रुजवला, तर गर्भाचे ज्ञानतंतू त्या गाठीकडे भराभर वाढत जातात. गाठीतून काहीतरी झिरपत असले पाहिजे, जे तंतूंना ‘वाढा’ म्हणून सांगते! हे तपासायला 1952 साली ती ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला गेली, तेव्हा गाठी असलेले दोन उंदीर तिने विमानातून बरोबर नेले होते. तेथे काचेच्या बशीत तिने गाठीशेजारी ज्ञानगंडाचा तुकडा ठेवला आणि त्याच्याभोवती तंतूंची प्रभावळ फुटलेली पाहिली. देवाच्या मूर्तीमागे असते ना, तशी.

त्या झिरपणाऱ्या द्रव्याचा माग काढण्याचे काम स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. त्याने द्रव्यातले एक घटक नष्ट करण्यासाठी सापाचे विष वापरले, तर परिणाम कमी होण्याऐवजी कितीतरी वाढला. विषातच ते द्रव्य भरपूर होते! मग त्याने साधा तर्क केला. सापाची विषग्रंथी म्हणजे मुळात लाळेचीच ग्रंथी; तर मग उंदराच्या लाळग्रंथीत का पाहू नये? पाहिले, आणि तेथे खजिना सापडला. या द्रव्याविरुद्ध सशात प्रतिपिंडे तयार करून 1960 साली ती नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना टोचली, तेव्हा त्यांच्या ज्ञानतंतूंची एक सबंध शाखाच लोपली. द्रव्य दिले की वाढ, द्रव्य अडवले की ऱ्हास. पुरावा दोन्ही बाजूंनी पुरा झाला, आणि त्यातली एक बाजू सशाने भरून काढली.

लाळग्रंथीचा अर्क पिलांना टोचताना कोहेनला आणखी एक चमत्कार दिसला. उंदराच्या पिलाचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात. या पिलांचे आठवडाभरातच उघडले. दातही लवकर आले. ज्ञानतंतूंशी याचा काही संबंध नव्हता. दुसरा कोणी असता तर ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता. कोहेन थांबला. 1962 साली त्याने ते दुसरे द्रव्य वेगळे काढले. ते त्वचेला वाढवणारे होते. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेचा वाढघटक, असे त्याचे नाव पडले. अवघ्या 53 दुव्यांची ती एक लहानशी साखळी होती. रीता आणि कोहेन यांना 1986 साली नोबेल मिळाले. रीताबाई पुढे 103 वर्षे जगल्या.

*

वाढघटक हा निरोप्या झाला. पण निरोप्याने येऊन ठोठवायचे कोणत्या दारावर? कोहेन आणि त्याचा सहकारी ग्रॅहॅम कार्पेंटर यांनी 1975 च्या सुमारास वाढघटकाला किरणोत्सारी आयोडीनची खूण बांधली आणि तो माणसाच्या पेशींवर सोडला. तो पेशीच्या अंगावर ठराविक ठिकाणीच चिकटला. एर्लिखचे झेलणारे हात सापडले! पेशींचा एक वाण तर असा मिळाला, की त्याच्या एकेका पेशीवर हे रिसेप्टर वीसवीस, तीसतीस लाख होते. हा वाण एका पंचाऐंशी वर्षांच्या बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून वाढवलेला. कर्करोगाच्या पेशीवरच दारे एवढी का असावीत, ही शंका तेव्हाच मनात यायला हवी होती, ती आलीही.

या दाराची रचना मोठी मौजेची आहे. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर, एक आवरणात रुतलेला आणि एक आत. बाहेर निरोप्याने कडी वाजवली, की आत घंटा होते. आतला भाग इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण मारू लागतो आणि ‘वाढा, दुभंगा’ हा हुकूम थेट पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. 1984 साली लंडनच्या मायकेल वॉटरफील्ड आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या मदतीने हा रिसेप्टर शुद्ध करून त्याचे तुकडे वाचले, आणि ते थक्क झाले. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूचे जनुक जे प्रथिन बनवते, त्याची आणि या रिसेप्टरची ठेवण एकच! विषाणूने हे दार कोंबडीच्याच पेशीतून कधीतरी चोरले होते. चोरताना बाहेरचा भाग तुटला आणि आतली घंटा अखंड वाजत राहिली. कोणी आले नाही, कडी वाजली नाही, तरी घरात हुकूम चालूच. कर्करोगाचा एक अर्थ माणसाला त्या दिवशी समजला.

याच सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मी चरण पाढी नावाचे संशोधक काम करीत होते. मोठ्या उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठीतले दोषी जनुक त्यांना हवे होते. त्यांनी त्या गाठीचे जनुकद्रव्य साध्या पेशींत घातले, त्या बिघडलेल्या पेशी उंदरांना टोचल्या आणि उंदरांच्या रक्तजलालाच विचारले, की तुला या पेशींत परके काय दिसते? रक्तजलाने एका प्रथिनावर बोट ठेवले. 1982 साली ते प्रसिद्ध झाले. त्या प्रथिनाचे वजन एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात होते. पुढे कळले, की हे वाढघटकाच्या रिसेप्टरचे सख्खे भावंड आहे. माणसातले तेच प्रथिन 1985 साली कॅलिफोर्नियात अॅक्सेल उलरिख आणि सहकाऱ्यांनी शोधले आणि त्याला नाव पडले हर-टू. माणसाच्या वाढघटकाचा रिसेप्टर, क्रमांक दोन. या दाराची गंमत अशी, की त्याची कडी वाजवणारा स्वतःचा निरोप्या आजवर सापडलेला नाही. ते आपल्या भावंडांशी हातमिळवणी करून काम करते. आणि दारे फार झाली, की आपापसातच घंटा वाजवू लागते.

लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन यांनी 1987 साली स्तनाच्या 189 गाठी तपासल्या. सुमारे तीस टक्के गाठींत हर-टूचे जनुक एकाच्या जागी अनेक झाले होते, आणि त्या बायकांचा रोग लवकर उलटत होता. पुढच्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण पंधरा ते वीस टक्के निघाले. म्हणजे दर पाच-सहा बायकांमागे एक. पण ती एक कोणती?

*

येथे पुन्हा साक्षीदार लागतो. आणि तो दिसणाराही हवा. प्रतिपिंड चिकटले तरी ते डोळ्याला दिसत नाही. 1941 साली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडालाच चमकणाऱ्या रंगाची चिंधी बांधली आणि ऊतीतले जंतू अंधारात दिव्यासारखे लखलखवून दाखवले. पुढे 1966 च्या सुमारास रंगाऐवजी एक विकर बांधण्याची युक्ती निघाली. हे विकर मिळते मोहरी-मुळ्याच्या कुळातल्या एका तिखट मुळापासून. त्याच्यावर योग्य रसायन ओतले, की जेथे प्रतिपिंड तेथे तपकिरी डाग. स्वयंपाकघरातल्या पदार्थांशी इतके जवळचे नाते असलेले शास्त्र विरळाच. काप कठीण झालेला असतो म्हणून आधी तो गरम पाण्यात तापवून प्रथिनाची मिटलेली अंगे मोकळी करावी लागतात. आणि त्यासाठी पुष्कळ प्रयोगशाळांत चक्क प्रेशर कुकर वापरतात!

दुसरी अडचण सशाच्या रक्ताची. सशाला एक प्रथिन टोचले, तरी त्याच्या रक्तात त्या प्रथिनाच्या निरनिराळ्या अवयवांना ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती एक जत्राच असते. ससा बदलला की जत्रा बदलली. 1975 साली इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे गेओर्ग क्योलर हा तरुण जर्मन आणि सेसार मिल्स्टाइन हा अर्जेंटिनाहून आलेला शास्त्रज्ञ यांनी यावर तोड काढली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी बशीत दोन दिवसांत मरते; कर्करोगाची पेशी मरतच नाही. त्यांनी दोघींचे लग्न लावले. जन्मलेली पेशी आईसारखी प्रतिपिंड बनवी आणि बापासारखी अमर राही. तिच्यापासून निघालेले प्रतिपिंड एकाच वाणाचे. निवडक बियाण्याच्या शेतासारखे. त्याला मोनोक्लोनल म्हणतात. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. 1984 साली त्यांना नोबेल मात्र मिळाले. ज्या कर्करोगाशी लढायचे, त्याच्याच पेशीला कामाला जुंपले, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

मग एक नवल घडले. साक्षीदारच सैनिक झाला. 1985 साली जेफ्री ड्रेबिन आणि मार्क ग्रीन यांनी दाखवले, की उंदराच्या त्या भावंड प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड बिघडलेल्या पेशींवर सोडले, तर दारे आत ओढली जातात आणि पेशी पुष्कळशा ताळ्यावर येतात. माणसाच्या हर-टूविरुद्ध उंदरात एक प्रतिपिंड तयार झाले. पण उंदराचे प्रतिपिंड माणसाचे शरीर परके मानणार. म्हणून 1992 साली त्याची पकड तेवढी उंदराची ठेवून बाकीचे अंग माणसाचे केले गेले. ट्रॅस्टुझुमॅब नावाचे ते औषध. 469 बायकांवर त्याची कसोटी झाली. रोग पसरलेल्या त्या बायकांत नुसत्या जुन्या औषधांवर जगण्याचा मध्य 20.3 महिने होता. हे औषध जोडल्यावर तो 25.1 महिने झाला. पाच महिने! ज्यांनी घरी कोणाची वाट पाहिली आहे, त्यांना पाच महिन्यांचे मोल सांगायला नको. रोग पसरण्याआधीच दिले, तर तो उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे 2005 सालच्या अहवालांनी दाखवले. भारतात बनलेले त्याच जातीचे औषध 2014 पासून येथे मिळू लागले.

25 सप्टेंबर 1998 रोजी अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधाला परवानगी दिली. त्याच दिवशी त्याने आणखी एका वस्तूला परवानगी दिली: हर्सेपटेस्ट नावाच्या डेन्मार्कच्या एका परीक्षा-पेटीला. औषध उंदरापासून निघालेले. पण औषध कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या त्या पेटीतला साक्षीदार होता ससा. हर-टूच्या आतल्या अंगाला ओळखणारे सशाचे प्रतिपिंड त्यात असते. सशाचे प्रतिपिंड ओळखणारे शेळीचे प्रतिपिंड त्याच्यामागोमाग येते आणि ते तपकिरी रंगाचे विकर घेऊन येते. पेशीच्या कडेने रंग उठला नाही तर शून्य; फिकट, तुटक उठला तर एक; मध्यम उठला तर दोन; आणि पेशीभोवती गडद, सलग वर्तुळ उमटले तर तीन. तीन म्हणजे औषध द्या. दोन म्हणजे जनुकच मोजून पाहा. एका बाईचे पुढचे वर्ष त्या तपकिरी कडेवर लिहिलेले असते.

*

आणि म्हणूनच सुरुवातीच्या गोष्टीतला प्रश्न इथे फिरून उभा राहतो: पान पडले, की आभाळ?

रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन नावाच्या घटकाचाही एक रिसेप्टर आहे. केमोथेरपीने फिक्या पडलेल्या रोग्यांना हा घटक औषध म्हणून देतात. काही संशोधकांनी सशापासून केलेले एक प्रतिपिंड गाठींवर वापरले, तर गाठीच्या पेशींवर रंग उठला. म्हणजे हे औषध गाठीलाही खाऊ घालते की काय? केवढी भीती ही! 2006 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी त्या प्रतिपिंडाची उलटतपासणी केली. हे संशोधक ते औषध बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांना दिसले, की ते प्रतिपिंड रिसेप्टरपेक्षा एका भलत्याच प्रथिनाला चिकटत होते. पेशी तापल्या, दुखावल्या की बनणारे ते एक सर्वसाधारण प्रथिन. कशाला तरी चिकटलो, हे सशाचे म्हणणे खरे. कशाला, ते खोटे. औषधाविषयीची काळजी त्यामुळे संपली नाही, तिची इतर कारणे होती. पण त्या रंगावर उभारलेले निष्कर्ष मात्र डळमळले. 2010 साली नवे, नेमके ओळखणारे प्रतिपिंड तयार झाले, तेव्हा कुठे त्या प्रश्नाला भरवशाचा साक्षीदार मिळाला.

हर-टूची परीक्षा त्याहून कितीतरी कसून बांधलेली. तरीही 2007 साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन सांगितले, की त्या वेळच्या सुमारे वीस टक्के तपासण्या चुकीच्या असू शकतात. पाचांत एक! दोष दर वेळी सशाचा नव्हता. गाठ काढल्यावर ती फॉर्मालिनमध्ये टाकायला उशीर झाला, ती त्यात फार थोडा किंवा फार जास्त वेळ राहिली, रंग ओतणारा हात घाईचा होता, वाचणारा डोळा थकलेला होता. नियम आखले गेले. गाठ तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये जावी. तेथे 6 ते 72 तास राहावी. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशा पेशी दर खेपेला शेजारी रंगवाव्यात. म्हणजे साक्षीदाराला रोज आधी ओळखपरेड करायला लावायची आणि मगच साक्षीला उभे करायचे.

2015 साली शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकातून जाहीर हाक दिली. बाजारात मिळणाऱ्या हजारो प्रतिपिंडांची छाननी केली, तर निम्म्याहून कमीच आपले काम नेमके करतात, असे त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक प्रतिपिंडाची घडण अक्षर न् अक्षर ठाऊक असावी आणि ते सशाच्या नशिबावर न सोडता तसेच्या तसे पुन्हा बनवता यावे, अशी त्यांची मागणी होती. आज एक सोपी पण कठोर कसोटी सर्वमान्य होत आहे. ज्या पेशीतून ते जनुकच काढून टाकले आहे, अशी पेशी साक्षीदारापुढे ठेवायची. घर रिकामे आहे हे आपल्याला ठाऊक असते. तरीही तो ‘आत माणूस आहे’ म्हणाला, की त्याला पिंजऱ्यातून उतरवायचे.

2022 पासून तर ही कसोटी अधिकच निकडीची झाली आहे. ज्यांच्या पेशींवर हर-टू अगदी थोडे आहे, अशा बायकांनाही उपयोगी पडणारे नवे औषध त्या वर्षी मान्य झाले. प्रतिपिंडाच्या पाठीवर विषाची पिशवी बांधून ते पेशीच्या दारी पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे शून्य आणि एक यांतला, एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते असा, पुसट फरकही आता मोलाचा झाला आहे. जो फिकट डाग काल ‘काही नाही’ म्हणून बाजूला पडत होता, त्याच्यासाठी आज कोणीतरी दिव्याखाली काच पुन्हा एकदा सरकवून पाहतो.

या काचा वाचणारी माणसे आपल्याला कधी दिसत नाहीत. रोगी डॉक्टरला ओळखतो, नर्सला ओळखतो. तळघरातल्या नाहीतर मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या बाईला तो ओळखत नाही. तिच्यापुढे एकेक काच येते, काचेवर नाव नसते, आकडा असतो. ती आधी ओळखीच्या पेशी पाहते, रंग जिथे उठायला हवा तिथेच उठला आहे ना, जिथे नको तिथे नाही ना, याची खात्री करते. मनात किंतु आला, तर ती आकडा लिहीत नाही. काच शेजारच्या टेबलावर ठेवते आणि दुसऱ्याला म्हणते, ‘तुम्ही बघा बरं एकदा.’